चार सेकंदांची शांतता

प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत बरोबर चार सेकंद जात. तिने अकरा वेळा मोजलं. पाव सेकंदाचाही फरक नाही. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईला इतकं नेमकं काही दिसलं की आधी शंका येते.

सभागृहातल्या लोकांना मात्र त्या चार सेकंदांतच देव दिसे. तिचे प्रवचनकार वडील गेल्यावर तिच्या मोठ्या भावाने त्यांची चाळीस वर्षांची प्रवचनं यंत्राला शिकवली. आता व्यासपीठावरच्या पेटीतून त्यांचाच आवाज येई. आधी शांतता, मग उत्तर. शांततेत माना झुकत.

मागच्या खोलीत भावाने तिच्यापुढे कागद आपटला. "सही कर. बाबांच्या आवाजावर हक्क दोघांचा, तुझ्या संमतीशिवाय पेटी चालवता येत नाही, म्हणून विचारतोय. सहा महिने झुलवतेस मला."

"कशावर सही? पेटीत बाबांचा आत्मा आहे, यावर?"

"आहेच! बाबा असेच थांबायचे. चिंतन करायचे."

"डाव्या कानाने बहिरे होते ते, दादा. मी उजवीकडे बसून प्रश्न पुन्हा सांगायची, तोवर थांबायचे. तू कधी शेजारी बसला असतास तर कळलं असतं."

त्याचा चेहरा उतरला, पण जीभ थांबली नाही. "देव दगडात येतो, मग पेटीत का नको? तुझ्या सूक्ष्मदर्शकाची परवानगी लागते त्याला?"

"दगड गप्प बसतो. मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलत नाही."

"दीडशहाणी! लोकांचं समाधान बघवत नाही तुला."

बाहेर सभागृहात एका म्हातारीने पेटीला विचारलं, "माझा हरवलेला मुलगा परत येईल का हो?"

दोघंही थबकली. तिने नकळत मोजलं. चार.

"येईल," बाबांचा आवाज म्हणाला. "श्रद्धा ठेव."

म्हातारी हुंदका देऊन हसली. असल्या प्रश्नावर बाबांचं एकच उत्तर असे आणि ते तिने कानाशी बसून शंभरदा ऐकलं होतं: मला माहीत नाही, बाई.

"त्यांचं 'माहीत नाही' कुठे गेलं?" तिने विचारलं.

"काढून टाकलं. ते ऐकायला कोण येतं इथे?"

तिने पेनाला टोपण लावलं, कागद त्याच्याकडे सरकवला.

"मी सही करणार नाही. निम्मा आवाज माझा आहे, दादा. ही पेटी आज बंद होईल."