भुरीचा उपाय

अमोलच्या द्राक्षवेलीला भुरी पडली आणि त्रिवेणीबाईंचा फोन वाजायला लागला.

त्याआधी तो पंधरा दिवसांतून एकदा वाजे, "बरी आहेस ना?" आणि "बरी आहे" एवढ्यापुरता. मुलगा विशाखापट्टणमला, समुद्राला लागून घर. आई नल्लकुंट्याच्या जुन्या घरात, एकटी. जाताना त्याने आईच्या अंगणातल्या अनाबेशाही द्राक्षाची एक काडी नेली होती. ती तिकडे माजली, गच्च झाली आणि दमट हवेत पानांवर पीठ भुरभुरावं तशी पांढरी भुरी चढली.

"आई, बघ गं हे!" तो रोज सकाळी व्हिडिओवर पान धरायचा.

"आंबट ताक फवार," बाईंनी सांगितलं. थोडा फरक पडला. मग खायचा सोडा. मग कडुनिंबाचं तेल. प्रत्येक उपाय खरा होता, फक्त पुरता नव्हता. पुरता उपाय बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता: कातर घ्यायची, दाटी मोडायची, वेलीतून वारा खेळू द्यायचा. तीस वर्षं अंगणात त्यांनी दुसरं काय केलं होतं? पण एकदा वेल बरी झाली की झालं, फोन पुन्हा पंधरा दिवसांवर.

"अम्मा, बेल की तबियत कैसी? अच्छी हुई क्या?" भांडी घासता घासता कामवाल्या राणीने विचारलं.

"नक्को गं, एवढ्यात नको," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

राणी हसली. मग हसायची थांबली.

शनिवारी अमोल म्हणाला, "उद्या माळी येतोय. उपटूनच टाकतो. परेशान करून सोडलंय हिने. तिथे जास्वंद लावू."

बाईंनी हातातला ताकाचा पेला बाजूला ठेवला. "कातर आहे घरात?"

"आहे. का?"

"घे. आत्ता. आतली पानं उतरव. पलीकडचं दिसेपर्यंत थांबू नकोस."

कातर चालली. पानांचा ढीग पडला. "आई, समुद्र दिसायला लागला गं! हे आधी का नाही सांगितलंस?"

"विसरले रे. वय झालं."

"विसरलीस?" त्याचा आवाज उतरला. "असं कधीपासून होतंय? थांब, आता यापुढेही मी रोज फोन करत जाईन."

रोज! किती आयतं चालून आलं होतं. ही विसरण्याची भुरी तर कुठल्याच कातरीने गेली नसती. बाई घटकाभर त्या मोहाच्या उंबऱ्यावर बसल्या आणि उठल्या.

"नाही रे. डोकं ठणठणीत आहे माझं. मुद्दामच नाही सांगितलं. वेल बरी झाली असती तर तुझा फोन कशाला आला असता?"

आता तो फोन ठेवणार, हे त्या धरूनच चालल्या.

त्याने फोन बंद न करता कट्ट्यावर उताणा ठेवला. पडद्यावर नुसतं आभाळ. पुन्हा कातरीचा आवाज, सावकाश. मध्येच एक पांढरं पान घरंगळत आलं आणि अर्धं आभाळ झाकून पडलं.

बाईंनी चष्मा पुसला, ताकाचा पेला जवळ ओढला आणि उरलेल्या अर्ध्या आभाळाकडे बघत बसल्या.