विहीर क्रमांक दोनशे चौदा

मी तापट बाई आहे, आमच्या शेंद्र्याकडं कुणालाही विचारा. एका माणसावर मी चोवीस वर्षं राग धरला.

ब्याण्णवच्या टंचाईत एका संस्थेनं तालुक्यातल्या विहिरी मोजल्या. मी तिथं ऑपरेटर होते. वैजनाथ सरांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आकडे भरायचं काम. मोजणारे गावात चहा पिऊन परत फिरायचे, आमच्या बौद्ध वस्तीपर्यंत कुणी आलं नाय. मग डब्याच्या सुट्टीत मीच आमच्या विहिरीची नोंद गुपचूप भरून टाकली. काठावरचा खुणेचा दगड, खोली अडतीस फूट. आईनं, मुक्ताबाईनं, दोर सोडून मोजली होती. पुढं छापील यादी आली, तर सगळ्या विहिरी होत्या, आमचीच नव्हती. सरांनीच पुसली असणार, दुसरं कोण? तुम्हाला आमचं पाणी कसं दिसंल, असं त्यांच्या तोंडावर बोलले आणि नोकरी सोडली. ते गप्प बसले. त्यानं तर माझं डोकं आणखीच फिरलं.

मग कारखाने वाढले, वस्तीला खेटून प्लॉट पडले आणि प्लॉटवाल्यानं विहीर मुरमानं बुजवली. सोळाच्या उन्हाळ्यात टँकर आठवड्याला एक यायला लागला, तेव्हा हा प्लॉटवाला म्हणतो, इथं विहीर होतीच कुठं? सोमवारच्या ग्रामसभेत ठरणार होतं. कागद असंल तर विहीर उकरायची, नसंल तर तिथं त्याची भिंत.

सर वर्षापूर्वीच वारले होते. लाज गिळून मी त्यांच्या मुलीकडं, वैदेहीकडं गेले. तिनं बाबांच्या फ्लॉप्या जपल्या होत्या, त्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवूनही ठेवलं होतं. तिच्याकडं एक प्रोग्राम होता, त्यात नवं मशीन जुन्या मशीनचं सोंग घेतं. बटण दाबलं आणि तोच निळा पडदा आला, तीच यादी. माझी बोटं न विचारता कीबोर्डवर जाऊन बसली.

पण मराठीच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी. अक्षरं दाखवायला तेव्हा संगणकात वेगळं कार्ड लागायचं, ते सोंग या लॅपटॉपला जमत नव्हतं. वैदेहीचा चेहरा पडला. मला हसू आलं. अगं, ते कार्ड दर उन्हाळ्यात तापून बंद पडायचं. पुण्याहून दुसरं येईपर्यंत मी महिना महिना या रेघांतच काम केलंय. एक उभी रेघ म्हणजे क.

आमच्या विहिरीचा क्रमांक दाबला, दोनशे चौदा. नोंद होती. कुणी पुसली नव्हती. खोली मात्र अडतीसच्या जागी एकेचाळीस, आणि खाली शेऱ्याची ओळ. ती मी भरली नव्हती.

"बाबांनी काय लिहिलंय, ताई?" वैदेहीनं विचारलं.

अर्धंच वाचून गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मग सगळं वाचलं.

"समक्ष जाऊन मोजली. सार्वजनिक विहीर. यादीतून वगळण्यास माझी हरकत आहे. वैजनाथ."

नंतर त्यांना मी काय बोलले होते, तेही तिला सांगितलं. तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. मग म्हणाली, कुठली रेघ म्हणजे कुठलं अक्षर ते सांगा. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. संध्याकाळी नोंद स्वच्छ मराठीत छापून निघाली. वडिलांची ओळ तिनं स्वतः वाचली, दोनदा.

ग्रामसभेत तो कागद चालला. प्लॉटवाला कुरकुरला, पण खुणेचा दगड नोंदीत लिहिल्याप्रमाणं जागेवर सापडला.

उकरताना अडतीस फुटांवर सगळं कोरडं ठाक होतं. माणसं वर यायला निघाली. आईसुद्धा म्हणाली, बास करा, मी एवढीच मोजली होती. तिनं दोर पाण्याला टेकेपर्यंतच सोडला होता. पाणी भरणाऱ्या बाईला तळाशी काय करायचं?

"अजून तीन फूट," मी वरून म्हणाले. "त्या माणसानं तळापर्यंत मोजलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून ओला मुरूम वर आला. आईनं तो मुठीत धरून पाहिला आणि कोण होता गं तो, असं विचारलं. मी तिथंच काठावर बसून रडले. ब्याण्णव सालीच रडायला पाहिजे होतं, त्यांच्यासमोर.