बारावा पडदा

इकडे, इकडे! या बरणीत, पाण्याखाली बघा! दिसायला काळाकुट्ट, तळहाताएवढा, कागदाहून जरासा जाड. बोलतोय तो मीच, पाणी गाळणारा पडदा.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या एका ताईच्या हातून झाला. कार्बनच्या नळ्या, त्याही इतक्या बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील, तिने पातळ केलेल्या पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात घातल्या. या नळ्या भारी हट्टी! एकमेकींना मिठी मारून गोळा होऊन बसतात. ताईने त्यांना तासन्‌तास घुसळलं, ते काळं मिश्रण काचेवर पसरलं आणि काच पाण्यात बुडवली. झालं, मी अलगद सुटून वर आलो.

माझ्याआधी माझी अकरा भावंडं झाली. रंगाच्या कारखान्यातलं लालभडक पाणी त्यांच्यातून गाळायचं होतं. रंग वर राहावा, नितळ पाणी खाली यावं. पण एकातूनही धड थेंब उतरला नाही. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं म्हणायचीही सोय नव्हती, पाणी जातच नव्हतं ना!

शेवटी ताईचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हा बारावा. जमला तर जमला, नाहीतर हा विषय बंद. दुसरं काहीतरी घे."

"सर, चार वर्षं..." ताई म्हणाली. मला तिची फार कीव आली.

चाचणीच्या दिवशी काचसामान धुणारे म्हातारे मामा रजेवर होते. स्वच्छतेचं त्यांना वेड, आणि ताईवर पोटच्या पोरीसारखी माया. रात्रभर पाण्याच्या थाळीत भिजत ठेवलेल्या मला ताईने उचलून यंत्रात बसवलं, लाल पाणी ओतलं, दाब वाढवला आणि डोळे गच्च मिटले.

टप. मग टप, टप, टप! खाली नितळ पाणी. ताई अशी काही ओरडली की शेजारच्या खोलीतली माणसंसुद्धा धावत आली.

"याच्यात वेगळं काय केलंस?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर!"

दुसऱ्या दिवशी मामा आले आणि माझी थाळी बघून हळहळले. "अरेच्चा, काल हा तसाच ओला राहिला की! रोज तुम्ही यायच्या आधी मी या पडद्यांना पुसतो, भट्टीत खडखडीत वाळवतो, मग ताज्या पाण्यात ठेवतो. शिळ्या पाण्यात कशाला?"

ताईच्या लगेच सगळं लक्षात आलं, तिने ते मामांना सांगितलं. आम्ही वाळलो की आमची छिद्रं आक्रसतात, पुन्हा भिजवली तरी उघडत नाहीत. हे कळल्यावर मामा मटकन खाली बसले. "म्हणजे अकराही मीच मारले?"

ताई रागावली. का नाही रागावणार? तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग वळली आणि म्हणाली, "उठा मामा. यांना भिजत का ठेवते, ते मीच तुम्हाला कधी सांगितलं नाही."

आज मला रंगाच्या कारखान्यात न्यायचंय, खऱ्या परीक्षेला. वाट तीन तासांची, आणि बरणी सांडली तर माझा खेळ खलास. कोण नेणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. ताईने बरणी सरळ मामांच्या हातात दिली.

"मी?" मामांनी बरणी दोन्ही हातांनी धरली.

"तुमच्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार?"

चला, निघतो आम्ही. वाटेत एक म्हातारा बरणी छातीशी धरून, पाऊल जपून टाकत येताना दिसला, तर कृपा करून त्याला धक्का देऊ नका.