'छापण्यासाठी नाही'

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे. जुना म्हणजे मेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अक्षरं बारीक, रंग विटलेला, फोनवर उघडलं तर अर्धी ओळ बाहेर लटकते. हसायचं तर हसा.

मला ओडील फॉन्टेनो बाईंनी जन्माला घातलं, अमेरिकेतल्या लुइझियानात, बायूकाठच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ खाडीकाठच्या त्यांच्या स्वयंपाकघरात. बाई वकील. कोर्टाचा निकाल घ्यायचा, सोप्या भाषेत फोडून सांगायचा आणि न्यायाधीश चुकला असेल तर तसं तोंडावर म्हणायचं, हा आमचा धंदा. आधी वकील मंडळी फार कौतुक करायची. मग चकाचक व्हिडिओवाले आले आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. मला राग आला. अजून येतो.

काही निकालांच्या माथ्यावर 'छापण्यासाठी नाही' असं लिहिलेलं असतं. बाईंना त्यांचंच वेड. अर्थ एवढाच, की हा निकाल कायद्याच्या पुस्तकात जाणार नाही, पुढे दाखला म्हणून चालणार नाही. ते गुपित नसतं. पण लोकांना वाटतं गुपित आहे, आणि गरिबांचे खटले नेमके तिथंच गाडले जातात.

आल्सी वर्डिन म्हाताऱ्याचा तसाच गाडला गेला. तो भाड्याच्या, चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहायचा आणि होडी घेऊन कित्येक आठवडे कोळंबीला जायचा. तो समुद्रावर असताना मालकानं दारावर घर खाली करायची नोटीस ठोकली. आल्सी परत आला तर कुलूप बदललेलं, गादी गवतात. कायदा म्हणतो, भाडेकरूचा ठावठिकाणा माहीत नसेल तर दारावरची नोटीस चालते. आल्सी कोर्टात गेला. तिघांपैकी दोन न्यायाधीश म्हणाले, चालली. तिसऱ्या न्यायाधीश बाईंनी वेगळं लिहिलं: "हा माणूस बेपत्ता नव्हता. तो कोळंबी पकडत होता आणि ते अख्ख्या धक्क्याला माहीत होतं."

वर शिक्का, छापण्यासाठी नाही. आमच्या बाईंनी तो निकाल माझ्यावर टाकला, तिसरीचं वाक्य सगळ्यात मोठं करून.

मालकाचा वकील टॅल्बट रीस, त्याचा लगेच फोन. "बाई, वाचता येतं ना? छापण्यासाठी नाही."

"वकीलसाहेब, ते कायद्याच्या पुस्तकाला सांगितलंय, मला नाही. चुलीवर गंबोचा रस्सा करपतोय, ठेवते."

त्यानं मला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीनं काही न विचारता मला बंद केलं. ज्याच्या दाराला कुलूप लागलं त्याच्याबद्दल बोललो, म्हणून मलाही कुलूप. तो लेख काढा, बाकीचं परत देतो, असं कंपनी म्हणाली. इतक्या वर्षांचं लिखाण पणाला लागलं होतं.

बाईंची मानसकन्या सेलेस्तीन त्यांना नानन म्हणते, म्हणजे मानलेली आई; ती काकुळतीला आली. "नानन, एकच तर लेख आहे. काढून टाक ना."

"आज हा काढला की उद्या दुसरा मागतील. मग उरेल काय, माझा फोटो?"

बाईंनी लेख काढला नाही. आपल्याकडच्या प्रतींवरून मला दुसरीकडे नव्यानं उभं केलं. चित्रं हरवली, दुवे तुटले, वाचकांचे शेरे गेले. मी लंगडा झालो, पण तो लेख सगळ्यात वर होता.

आल्सीला घर मिळालं नाही. वरच्या कोर्टानं खटला ऐकायलाच नकार दिला. तो आता होडीतच राहतो. खोटं कशाला सांगू?

पण धक्क्यावर कोळिणींनी मला मोठ्यानं वाचलं, पुन्हापुन्हा वाचलं. पुढच्या हंगामात होड्या सुटल्या तेव्हा प्रत्येक ट्रेलरच्या दारावर फळी ठोकलेली होती, रंगानं लिहिलेली: 'कोळंबीला गेलोय. कुठे ते धक्क्यावर विचारा.'

आता म्हण, ठावठिकाणा माहीत नाही.

रीस एका दाराशी नोटीस घेऊन आला, फळी वाचली आणि हातोडी खिशात घातली. मग चिखल तुडवत धक्क्यापर्यंत गेला आणि नोटीस हातात द्यायला होडी येईस्तोवर तिथं बसला.

म्हणून मित्रांनो, जुनं झालं म्हणून आम्हाला पुसू नका. हरलेल्यांचे निकालही जपा, आणि ज्यावर 'छापण्यासाठी नाही' लिहिलंय ते आधी वाचा.