खळ्यावरची चप्पल

बाहत्तरचा दुष्काळ सरून पहिल्यांदाच खळ्यावर ज्वारीची कणसं पडली होती, तरी मनकर्णेचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी घेऊन ती आली, तर नवऱ्याची दवाखान्यातून करून दिलेली कातडी पट्ट्यांची चप्पल खळ्याच्या कडेला काढून ठेवलेली. गहिनीनाथ बैलांमागं अनवाणी फिरत होता. डाव्या पावलागणिक कणसांवर तांबडा डाग पडत होता आणि या बाबाला पत्ताच नव्हता. मधुमेहानं त्याचे तळपाय कधीच बधिर केले होते.

"अवो, थांबा! पाय बघा तुमचा!"

"खळ्यावर पायतान घालून फिरू व्हय? लक्ष्मी हाय ती!" तो उलट तिच्यावरच डाफरला.

तळपायात काटा मोडला होता, कधीचा कोण जाणे. बघता बघता पाय सुजला, ताप चढला. मनकर्णेनं त्याला एसटीत घालून श्रीरामपूरच्या दवाखान्यात आणलं.

तिथं अशा पायांमागं तिघं मिळून लागायची. डॉक्टर सडलेलं कापून काढायचे, पुष्पावती सिस्टर जखम धुऊन बांधायच्या आणि आसाराम पायाच्या मापानं मऊ चपला करायचा. मागच्या साली गहिनीनाथाचं एका बोटावर निभावलं, ते या तिघांमुळंच. आताही तिघं खाटेपाशी उभी राहिली.

"पाय वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण जखम भरेपर्यंत खाली टेकवायचा नाही. आणि पुढच्या सुगीला चप्पल काढायची नाही."

"खोटं कशाला बोलू? खळ्यावर काढनारच."

"मग गुडघ्याखालून कापायची तयारी ठेवा!" डॉक्टर चिडलेच.

आसारामानं मधला मार्ग काढला. "पाव्हनं, येगळी जोडी करतो. कातडं न्हाई, नुसतं रबर आन् कापडी पट्टं. फकस्त खळ्यापुरती."

गहिनीनाथानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मनकर्णेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवभोळेपणा करावा माणसानं, पण पाय गमावण्याइतका? ती खाटेपासून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खाटेपाशी येरझाऱ्या घालत राहिली. तिकडं अर्धी मळणी उघड्यावर पडलेली, आभाळ भरून आलेलं. शेवटी नवऱ्याजवळ नणंदेला बसवून ती गावी निघाली. जाताना आसारामानं तरीही करून ठेवलेली नवी जोडी गुपचूप मागून घेतली.

खळ्यावर तिनं चपलांना हळदकुंकू वाहिलं आणि सरळ स्वतःच्या पायांत घातल्या. दीर कानिफनाथानं बैल थांबवले.

"वैनी, ह्ये काय?"

"पाप लागलं तर मला लागू द्या. तुमी बैल हाका, भावजी."

मोठ्या चपलांत पाय घसरत होते, तरी रास होईपर्यंत ती फिरली. मग राशीला हात जोडताना तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

परत आल्यावर तिनं तिघांच्या देखत सगळं सांगितलं. गहिनीनाथ लालबुंद झाला.

"माझ्या खळ्यावर? पायतान घालून?"

"व्हय! मला रास बी पायजे आन् तुमी बी पायजे. दोन्ही पायांवर!"

सिस्टरांचा पट्टी बांधणारा हात थांबला. गहिनीनाथ कितीतरी वेळ बायकोच्या पायांकडं बघत राहिला.

"पडली न्हाईस ना?" त्यानं हळूच विचारलं. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाला, "हिच्या वाट्याला पाप कशापायी? काय लागायचं ते मलाच लागू द्या. घालीन मी."

मनकर्णा तोंडाला पदर लावून व्हरांड्यात गेली आणि मनसोक्त रडली.