सातची हजेरी

मॉनिटरबाईंचं त्यांच्याच ग्रुपवरून मन उडालं ते काही एका दिवसात नाही. सुरुवात गुलाबाच्या फुलांपासून झाली, असं म्हणा हवं तर.

ग्रुपचं नाव 'हजेरी'. एकटं राहणाऱ्या माणसांचा ग्रुप, आणि नियम शाळेतल्या पोरालाही कळेल इतका सोपा. सकाळी सात वाजता बाई लिहिणार, 'हजेरी उघडली.' ज्याने त्याने खाली 'हजर' लिहायचं. दुपारी बारापर्यंत ज्याची हजेरी नाही, त्याला बाई फोन करणार. त्याने उचलला नाही, तर त्याच्या शेजाऱ्याला. शेजारी जाऊन दार वाजवणार, उघडलं नाही तर उघडवणार. बस्स, एवढंच. बाईंची आत्या न्हाणीघरात पडली आणि दोन-तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता, त्यानंतर बाईंनी हे सुरू केलं होतं. न्हाणीघराच्या दारावर, अगदी खाली, आत्याच्या नखांचे ओरखडे होते. ते बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

पहिली दोनेक वर्षं लोकांनी जीव ओतला. नुसतं 'हजर' कुणी लिहायचंच नाही. 'हजर. गुडघा आज शहाण्यासारखा वागतोय.' 'हजर. शेजारचं बाळ रात्रभर रडलं, तेवढीच सोबत.' बाई एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. दुकानाकडे चालत जाताना त्या एकेक हजेरी वाचत आणि पुढे हिरवी टिक लावत. बाईंना वाटायचं, आपण आयुष्यात दुसरं काही धड केलं नाही, पण हे एक केलं.

मग माणसं वाढली आणि तिथेच घोडं अडलं. एक बाई 'हजर'ऐवजी गुलाबाचं फूल पाठवू लागल्या. गुलाब म्हणजे हजेरी धरायची की नाही? यावर मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी भलामोठा मजकूर लिहिला आणि शेवटी, 'खुलासा व्हावा.' साहेबांचा प्रत्येक मजकूर खुलाशावरच संपायचा. गुलाबबाई रुसल्या. त्यांची समजूत काढली, तर साहेब रुसले. कुणी विनोद ढकलायचा, कुणी मूळव्याधीवरचे उपाय. एकदा बाराला फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ खेकसले, "मी जिवंत आहे की मेलो, याच्यावर तुमचा पहारा कशाला हो?" नसती उठाठेव केल्यासारख्या बाई ओशाळल्या. त्यांच्या हातात त्या वेळी अर्धी घासलेली काच होती. दुकानदार काचेपलीकडून बघत होता, कारण बाराची वेळ नेमकी गिऱ्हाइकांची.

"बंद करून टाक ना," धाकटी बहीण फोनवर म्हणायची. "कुणी तुला पगार देतंय? दोन गोड शब्द तरी बोलतंय का कुणी?"

"एक जण बोलतो," बाई म्हणायच्या.

तो एक जण म्हणजे बाइंडरकाका. जन्मभर पुस्तकांची बांधणी केलेला म्हातारा, दुसऱ्या गावी राहणारा. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण सकाळी सगळ्यात आधी त्यांचीच हजेरी शोधायच्या. 'हजर. खिडकीतली कुंडी चार दिवस रुसली होती, आज एक पान काढलंन.' 'हजर. पुतणीने माझी बांधणीची खळ फेकून दिली, म्हणते वास येतो. खळीला वास येणार नाही तर काय अत्तराला येणार?' बाई भर रस्त्यात हसायच्या. आणि एकदा त्यांनी बाईंना वेगळं लिहिलं होतं, 'मॉनिटरबाई, सगळ्यांची हजेरी तुम्ही घेता. तुमची कोण घेतं?'

'मी आहे म्हणून तर वर्ग उघडतो, काका,' असं उत्तर देऊन बाईंनी विषय टोलवला होता. पण तो प्रश्न बरेच दिवस त्यांच्याबरोबर राहिला.

मन उडालं की माणूस आधी हात झटकत नाही, आधी पळवाटा काढतो. बाईंना सातला उठून ते दोन शब्द लिहिणंसुद्धा जिवावर येऊ लागलं. मग त्यांनी फोनमध्ये एक सोय शोधली. मजकूर एकदाच लिहायचा, वेळ लावून ठेवायची, रोज तो आपोआप जातो. आता बाई पांघरुणात असताना हजेरी उघडू लागली. कुणालाच फरक कळला नाही, आणि याचंही बाईंना वाईटच वाटलं. माणसाचं असं असतं, काय करणार.

फरक कळला तो एकट्या बाइंडरकाकांना.

त्यांचे हात थरथरायला लागले होते. जन्मभर ज्या बोटांनी सुईत दोरा ओवला, ती आता फोनवरच्या अक्षरांवर धड पडेनात. 'हजर' लिहायला अर्धा तास, त्यात कधी 'गजर' व्हायचं तर कधी नुसतं 'ह'. कधी बारा उलटून जायचे आणि बाईंचा फोन जायचा. काका खजील व्हायचे. "तुम्हाला कामातून उठवलं. छे, छे, शोभत नाही मला." अशाच एका फोनवर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, रागावू नका. पण तुमची हजेरी हल्ली सातच्या ठोक्याला उघडते. आधी कधी दोन मिनिटं मागे, कधी पुढे असायची. मशीन लावलंय ना?"

चोरी पकडली गेल्यावर बाई हसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"मला शिकवाल?" काका म्हणाले. "रोज नाही वापरणार. हात अगदीच ऐकेनासा झाला की त्या दिवसापुरतं. तुमचा तेवढाच एक फोन वाचेल."

इथे बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर म्हणाल्याही असत्या. हजेरीत मशीन लावायचं म्हणजे सगळ्याच्या मुळावर घाव, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण दुकानात तीन चष्मे अडले होते, दुकानदाराची नजर पाठीला टोचत होती, आणि एक फोन वाचेल हे शब्द कानाला फार गोड लागले. त्यांनी शिकवलं. इथे दाबा, तिथे घड्याळाचं चित्र दिसेल, वेळ सात वाजून पाच मिनिटं लावा. "आणि फोन कायम चार्जिंगला असू द्या काका, नाहीतर जायचा नाही." काकांनी शाळकरी पोरासारखं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं.

त्यानंतर काकांची हजेरी रोज वेळेवर येऊ लागली. नुसतं 'हजर.' कुंडी नाही, पुतणी नाही, खळ नाही. मशीन रोज लागतंय हे बाईंच्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं. पण त्यांना आधी राग आला. मनात म्हणाल्या, घ्या, म्हणजे हाही कंटाळला, उगाच आपण एकट्याच्या जिवावर एवढं ओढत होतो. मग त्या रागाचीही सवय झाली. त्या हिरवी टिक लावायच्या आणि पुढे जायच्या. महिनाअखेर ग्रुप बंद करायचा, हे त्यांनी बहिणीला सांगूनही टाकलं. निरोपाचे चार शब्द लिहून ठेवले होते, तेवढे पाठवायचे बाकी होते.

एका दुपारी दुकानात फोन वाजला. पडद्यावर बाइंडरकाकांचं नाव. बाईंना इतका आनंद झाला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"काय काका! आज कशी आठवण झाली?"

"मी त्यांची पुतणी बोलतेय," पलीकडून आवाज आला. "तुम्ही त्या सकाळच्या ग्रुपच्या ताई ना? काका गेले, ताई. पंधरवडा होऊन गेला."

घासायचं चाक फिरतच होतं. बाईंनी हात पुढे करून ते बंद केलं.

"पण त्यांची हजेरी..." त्यांच्या तोंडून निघालं.

"तेच विचारायला फोन केला. मी इथे सामान आवरतेय. फोन आपला पलंगाशी चार्जिंगला होता, कुणी हात लावला नव्हता. आज सकाळी आपोआप टिंग झालं आणि काकांच्या नावानं 'हजर' गेलं. मी तर घाबरलेच हो. वर सरकवून पाहिलं तर रोज जातंय. आणि रोज खाली तुमची हिरवी टिक आहे."

"कसे... कधी गेले?"

"शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पडले. कंबर मोडली, उठता आलं नाही. मी सोमवारी येते दर आठवड्याला, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, रविवार संध्याकाळपर्यंत होते." तिचा आवाज फाटला. "खालच्या मजल्यावर किल्ली असते, ताई. त्यांना कळलंच नाही. कुणालाच कळलं नाही. मी रोज फोन करायला हवा होता. एक फोन केला असता रविवारी, तर..."

बाईंनी टेबलाची कड धरली होती. खालच्या मजल्याचा तो नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. काकांनीच दिला होता.

"असं नका म्हणू," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हे बंद कसं करायचं, तेवढं सांगता का? मला सापडत नाहीये."

ज्या शब्दांत लावायला शिकवलं होतं, त्याच शब्दांत बाईंनी बंद करायला सांगितलं. इथे दाबा. घड्याळाचं चित्र दिसेल. पुतणीही काकांसारखंच प्रत्येक वाक्य परत म्हणत होती. "कायमचं काढायचं का, असं विचारतंय."

"हो म्हणा."

"झालं," ती म्हणाली. आणि मग जाता जाता, "ताई, हजेरी म्हणजे काय असायचं हो नक्की? काका तुमचं फार कौतुक करायचे. मॉनिटरबाई आहेत म्हणून मला काळजी नाही, म्हणायचे. मला कधी कळलं नाही, कसली काळजी."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "सकाळचे नमस्कार-चमत्कार. एकट्या माणसांना बरं वाटतं."

फोन ठेवून त्या मागच्या खोलीत तशाच बसल्या. शनिवारी रात्री काका जमिनीवर पडून असतील, तेव्हा ते घाबरले नसतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या कळांत मशीन आठवलं नसेल, त्यांनी हिशोब केला असेल. उद्या आपल्याला हजर लिहिता येणार नाही, बाराला बाईंचा फोन येईल, आपण उचलणार नाही, मग खालचा माणूस किल्ली घेऊन वर येईल. आणि मग रविवारी सकाळी आतल्या खोलीतून त्यांनी ते टिंग ऐकलं असेल. बाई ओठ दाबून रडल्या. दुकानदार दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजेरी उघडली नाही. बाईंनी आपलंही मशीन काढून टाकलं होतं. खिडकीशी बसून त्यांनी काका गेल्याचं लिहिलं, चार वेळा खोडलं आणि साडेसातला पाठवलं. खाली 'हजेरी उघडली' असं हाताने लिहिलं. भराभर जोडलेले हात आले, मेणबत्त्या आल्या. गुलाबबाईंचा गुलाब आला, आज पांढरा. मध्येच कुणीतरी न वाचता रोजचा विनोद ढकलला. आणि मग साहेब आले. 'अत्यंत दुःखद. परंतु त्यांची कालपर्यंत हजेरी लागलेली दिसते. खुलासा व्हावा.'

त्या साहेबांना बाईंनी आजवर मनात हजार शिव्या घातल्या असतील. आज एकही सुचली नाही, कारण विचारण्यासारखं त्या एकट्यानेच विचारलं होतं.

बाई दुकानात गेल्या. काचा घासल्या. दोन काचा उलट्या बसवल्या, काढून परत बसवल्या. बारा वाजले तेव्हा त्यांनी चाक बंद केलं, हात पुसले, फोन घेतला आणि ग्रुप वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. किती महिन्यांनी असा पाहिला होता. सगळ्यांची हजेरी होती. एकाची नव्हती.

दुकानदार काचेपलीकडून बघत होता. बघू दे, म्हणाल्या, आणि बाइंडरकाकांचा नंबर लावला.

बराच वेळ वाजल्यावर पुतणीने उचलला. "ताई? काय झालं?"

"काकांची हजेरी आली नाही आज," बाई म्हणाल्या. "बारा वाजले. म्हणून फोन केला."

"ताई, अहो, काल आपण..."

"हो. ऐका माझं. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. नमस्कार-चमत्कार नव्हते ते. बारापर्यंत ज्याची हजेरी येत नाही, त्याला मी फोन करते. त्याने उचलला नाही, तर खालच्या मजल्यावर करते. काकांच्या खालच्या मजल्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्यासाठीच होता हा ग्रुप. आणि ते मशीन त्यांना मीच लावून दिलं."

पलीकडे सामान हलवण्याचा आवाज येत होता, तो थांबला. बाई वाट पाहत राहिल्या. शिव्या येतील, फोन आपटला जाईल, काहीही चालणार होतं.

"मग त्या रविवारी?" पुतणीने अगदी हळू विचारलं. "बाराला?"

"त्या रविवारी हजेरी आली होती," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.