नमुन्याची थाळी

मी थाळी बोलतेय. चार खणांची, चकचकीत स्टीलची. १९९८ साली रत्नागिरीच्या बाजारात एका कारकुनाने मला विकत घेतलं आणि दुकानदाराने माझ्या काठावर ‘नमुना’ असं नाव कोरलं. रुखवतात मिरवायचं स्वप्न होतं माझं. निघाले ती थेट तुरुंगात.

तुरुंग म्हणजे तालुक्याचं छोटंसं जेल, खटला चालू असलेल्या कैद्यांचं. गाव कुठलं ते विचारू नका. खाडीकाठचं आहे, एवढं पुरे. कैदी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळ्यांत जेवायचे. मला मात्र जेलरसाहेबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं, फायली आणि फिनेलच्या बाटलीशेजारी. किल्ली साहेबांच्या खिशात. कैद्यांना निदान कोर्टाची तारीख तरी मिळते. मला तीही नव्हती.

दर तीन महिन्यांनी गावातले तीन नागरिक जेल बघायला यायचे. कैद्यांचं जेवण चाखायचं आणि वहीत शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. तेवढ्यापुरती माझी सुटका व्हायची. पण त्या दिवशी स्वयंपाकी गंगाराम साहेबांच्या हुकमाने छोट्या टोपात वेगळं शिजवायचा. साहेबांच्या घरचा तांदूळ, ओलं खोबरं घातलेली आमटी, वर कोथिंबीर. ते माझ्यात वाढून पंख्याखाली पाहुण्यांपुढे ठेवायचे. पाहुणे दोन घास खाऊन सही करायचे. ते गेले की छोट्या टोपात उरलेलं साहेब स्वतः जेवायचे. कैद्यांच्या मोठ्या टोपात काय आहे ते कोणी विचारत नसे. मला मेलीला लाज वाटायची, पण थाळीचं कोण ऐकतो?

खरं काय ते मला अंगणातल्या नळावर कळायचं. वाढायच्या आधी मला घासायचं काम दादूकडे होतं. जंगलातली खैराची झाडं चोरून तोडल्याच्या आरोपावरून तो आत आलेला, आणि जामीन राहायला कोणी नाही म्हणून वर्षभर अडकलेला. २००३ च्या पावसाळ्यात गोदामाचं छप्पर गळलं आणि तांदूळ भिजून कुबट झाला. तोच शिजत राहिला. त्या श्रावणात दादू नारळाचं सोडण घेऊन मला घासायला बसला, तेव्हा त्याच्या हाताला जोरच नव्हता.

“पोटात काय ठरतच नाय रे,” तो म्हणाला.

गंगाराम बाजूला उभा होता. “साहेबांना दोनदा सांगितलं मी. वरून नवा तांदूळ येईल तेव्हा येईल, म्हणतात.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आज मोठ्या टोपातलाच वाढतो. त्या नव्या बाईंना एकदा चाखू दे.”

नव्या बाई म्हणजे नीरजाबाई, गुहागरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. बाकीचे दोघे सदस्य श्रावणी सोमवार म्हणून नुसता चहा प्यायले. बाईंपुढे मी गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यात खरं अन्न होतं आणि मी आनंदात होते.

बाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या. दाराशी उभ्या असलेल्या गंगारामकडे त्यांनी पाहिलं. मग मान खाली घालून एकेक घास गिळत राहिल्या. वाढलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, पानात टाकायचं नाही, हे आपल्याकडे लहानपणीच अंगात मुरवतात. माझा एकूण एक खण त्यांनी रिकामा केला. “छान आहे हो,” म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं, ‘भोजन रुचकर.’

ते लोक गेल्यावर साहेब जेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. छोटा टोप तिथे नव्हताच. संध्याकाळी गंगारामला काढून टाकलं. पंधरा दिवसांनी दादूला उचलून दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही.

पुढच्या खेपेला बाईंनीच विषय काढला. “मागच्या वेळचा भात कुबट होता, साहेब.”

साहेबांनी वही उघडून पुढे सरकवली. “बाई, हे तुमचंच अक्षर ना? दादूच्या मृत्यूच्या चौकशीत आम्ही हाच शेरा पाठवलाय.”

“कोण दादू?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं. बाईंनी वही जवळ ओढली. “मला वाटलं, एखाद्या दिवशी बिघडतं. गरीब स्वयंपाकी, माझ्या शेऱ्याने नोकरी जायची बिचाऱ्याची,” एवढंच म्हणाल्या. मग पेन उघडून खाली लिहिलं, ‘माझा मागचा शेरा खोटा आहे. भात कुबट होता. मी तो मुकाट्याने खाल्ला.’ त्यानंतर त्यांना पुन्हा नेमलं नाही.

आज २००६ साल आहे. मी अजून त्याच कपाटात आहे. उद्या नवे सदस्य येणार आहेत, हे मघाशीच ऐकलं. छोट्या टोपाची तयारी सुरू झाली असेल.

या हो, जरूर या. पण माझ्यापुढे बसू नका. आत जा, कैद्यांच्या रांगेत उभे राहा, जर्मनची थाळी हातात घ्या. अन्न कुबट लागलं तर तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. आपल्याकडे त्याला उद्धटपणा म्हणतात. म्हणू देत. दादूला त्या सोमवारी एक उद्धट माणूस हवा होता.